कामातून पारख

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. हेच कॉलेज पुढे सीओईपी या नावाने ओळखलं जाऊ लागलं. त्या पहिल्या क्रमांकाने त्यांची गणितातली आणि शास्त्रातली तयारी सिद्ध केली होती. पण पंधराएक वर्षांनी नीरा कालव्यावर त्यांच्यापुढे जो पेच उभा राहिला, तो सोडवायला एवढी तयारी पुरणारी नव्हती.

भाटघरला वेळवंडी नदीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धरण झालं आणि नीरेच्या डाव्या कालव्याला त्याचं पाणी मिळू लागलं. (आज आपण पाहतो ते लॉईड धरण नंतरचं, १९२८ सालचं. त्याच्या जलाशयाला आता येसाजी कंकांचं नाव आहे.) पाणी आलं तसा खालच्या भागात ऊस वाढला. कालव्याच्या तोंडाशी असलेले शेतकरी हवं तेव्हा, हवं तेवढं पाणी घेत. त्यांच्या जमिनी पाणथळ होत, डास वाढत, हिवताप पसरे. आणि कालव्याच्या शेवटाकडच्या, म्हणजे टेलच्या, गावांना पाणी पुरत नसे. विश्वेश्वरय्यांनी यावर ब्लॉक पद्धत सुचवली. गावागावांत सिंचनाचे ठरावीक गट आखायचे, त्यांत पिकांची फेरपालट बांधून द्यायची आणि पाणी पाळीने, मोजून सोडायचं. कागदावरची ही मांडणी त्यांच्यासारख्या माणसाला अवघड नव्हती. अवघड होतं ते पुढचं. बागायतदारांना वाटलं, सरकार आपल्या हक्काचं पाणी काढून घेतंय. वर्तमानपत्रांतून टीका झाली. विश्वेश्वरय्यांनी बड्या शेतकऱ्यांना एकत्र बोलावलं, त्यांच्या शंका ऐकल्या, योजना समजावून सांगितली आणि मग ती अमलात आणून दाखवली.

विरोध करणाऱ्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणं, पाटकऱ्यापासून वरिष्ठांपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला कोणतं काम येतं ते ठरवणं, टेलच्या शेतकऱ्याचा विचार आखणी करतानाच करणं, आणि हे सगळं एका हंगामापुरतं न ठेवता त्याची घडी बसवणं, यांपैकी १८८३च्या उत्तरपत्रिकेत काय दिसलं असतं? ते दिसावं अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. आपली मात्र आता तशी अपेक्षा आहे. पदवी हातात घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींमध्ये नेतृत्व असावं, व्यवस्थापनाची जाण असावी, त्यांनी कामाला तयार असावं असं विद्यापीठं म्हणतात, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती विचारते, कंपन्या मागतात. मागणी झाली की मोजणी आलीच. ती कशी करावी, कशी करू नये आणि झालेल्या मोजणीचं पुढे काय करावं, यासाठी ही पुस्तिका आहे. भोर आणि वेल्हे (आता राजगड) या दोन तालुक्यांत शिकवणारे प्राध्यापक, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी आणि विद्यार्थी विकासाचं काम पाहणारी मंडळी डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली आहे. भोरचं अनंतराव थोपटे महाविद्यालय किंवा विंझरचं अमृतेश्वर महाविद्यालय यांसारख्या ठिकाणी येणारा विद्यार्थी हाच तिचा विषय आहे.

महाराष्ट्राने नेतृत्वाच्या मोजमापाचा एक मोठा प्रयोग याआधीच केला आहे, फक्त त्याला कोणी प्रयोग म्हटलं नाही. १९९४च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका बंद झाल्या. त्यामागे कारण होतं. निवडणुकांच्या निमित्ताने झालेल्या हाणामाऱ्या आणि पैशांचा वापर लोकांनी पाहिला होता. पण त्याजागी आलं ते असं: मागच्या परीक्षेत ज्याने गुण मिळवले, तो वर्गाचा प्रतिनिधी. म्हणजे नेतृत्वाची पट्टी म्हणून गुणपत्रिका वापरली गेली, आणि तीही एक-दोन नव्हे, वीस-बावीस वर्षं. २०१६च्या नव्या कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा आणली, पण प्रत्यक्ष निवडणुका कागदावरच राहिल्या. ज्यांना वर्ग ऐकत होता, अशी कितीतरी मुलं या काळात प्रतिनिधी झाली नाहीत. आणि जी झाली, त्यांतल्या अनेकांना आपलं नेमकं काम काय हे कोणी सांगितलं नाही. चुकीची पट्टी वापरली की नुसती मोजणी चुकत नाही; मुलं त्या पट्टीप्रमाणे घडू लागतात. नेतृत्व म्हणजे पहिला नंबर, असं मानणारी एक पिढीच आपण तयार केली, असं मला वाटतं.

दुसऱ्या टोकाला रोजगारक्षमतेचे आकडे आहेत. २०२३-२४च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत देशातले ५१.२५ टक्के तरुण रोजगारक्षम असल्याचा आकडा दिला होता आणि तो वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत गाजला. त्याचा आधार होता इंडिया स्किल्स रिपोर्ट, आणि त्या अहवालाचा आधार संगणकावर घेतलेली एक चाचणी. अंकगणित, तर्क, इंग्रजी, संगणकाची ओळख, विषयाचं ज्ञान यांवर ती बेतलेली असते. ही कौशल्यं उपयोगाची आहेत, त्यांना कमी लेखण्यात अर्थ नाही. पण अशा चाचणीत मागे पडणारा मुलगा 'कामाला अयोग्य' ठरतो तेव्हा आपण थांबून विचारायला हवं: कोणत्या कामाला? शिरवळच्या कारखान्यात पाळीचा पर्यवेक्षक म्हणून, खेड शिवापूरच्या गोदामात, गावच्या दूध संकलन केंद्रावर, भाटघरच्या काठावर उभ्या राहिलेल्या पर्यटन व्यवसायात की पुण्यातल्या वातानुकूलित कार्यालयात? या प्रत्येक ठिकाणची तयारी वेगळी आहे. सगळीकडे लागणारा गाभाही आहे, पण तो शोधावा लागतो. गृहीत धरता येत नाही.

या पुस्तिकेत नेतृत्व, व्यवस्थापन आणि कार्यसज्जता हे तिन्ही शब्द वेगवेगळे वापरले आहेत, आणि वाचकांनी ते वेगळेच ठेवावेत अशी माझी विनंती आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावाच्या ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा आहे असं धरू. गावकरी म्हणतात, पोरं येतात, फोटो काढतात आणि जातात. त्यांच्याशी बोलून सकाळी दहा माणसं कामावर आणणारी मुलगी नेतृत्व दाखवते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या किती लागतील, त्या कोण भरेल, घमेली आणि फावडी कुठून येतील, दुपारचं जेवण कामाच्या जागी की शाळेत, हे आदल्या रात्री वहीत लिहून काढणारा मुलगा व्यवस्थापन दाखवतो. आणि जो मुलगा न सांगता वेळेवर येतो, समजलं नाही तर विचारतो, चूक झाली तर लपवत नाही, आपल्याहून मोठ्या वयाच्या गवंड्याच्या हाताखाली काम करायला लाजत नाही, तो कामाला तयार आहे. हे तिन्ही गुण एकाच विद्यार्थ्यात असतीलच असं नाही. व्यवस्थापनशास्त्रात रॉबर्ट कॅट्झ यांनी १९५५ साली तांत्रिक, मानवी आणि संकल्पनात्मक अशी कौशल्यांची विभागणी केली, तेव्हा त्यांचाही रोख हाच होता की हे गुण जन्मजात स्वभावाचे नव्हेत, शिकता येण्याजोग्या कौशल्यांचे आहेत. शिकता येतात म्हणूनच मोजण्यात अर्थ आहे. जे बदलणारच नाही ते मोजून शिक्षकाने करायचं तरी काय?

जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनांची ओळख पुस्तिकेच्या पहिल्या भागात आहे. जेम्स कूझेस आणि बॅरी पोस्नर यांची विद्यार्थ्यांसाठीची प्रश्नावली ३० विधानांची आहे. पाच प्रकारचं नेतृत्ववर्तन आपण किती वेळा करतो हे विद्यार्थी सांगतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांत सामाजिक बदलाच्या भूमिकेतून नेतृत्वाकडे पाहणारी एक मापनश्रेणी १९९८ साली ट्रेसी टायरी यांनी तयार केली. तिच्यात पद किंवा अधिकार यांपेक्षा स्वतःची जाण, बांधिलकी, सहकार्य आणि नागरिकत्व यांना महत्त्व आहे. कार्यसज्जतेसाठी ऑस्ट्रेलियातल्या कॅबलेरो, वॉकर आणि फुलर-टिश्केविच यांनी २०११ साली ६४ विधानांची श्रेणी दिली. वैयक्तिक गुण, संस्थेची जाण, कामातली क्षमता आणि सामाजिक समज असे तिचे चार भाग आहेत. या साधनांमागे खूप मेहनत आहे आणि ती शिकण्यासारखी आहे. आपल्याकडे मात्र अडचण दुसरीच होते. साधन आणलं जातं, शंभर मुलांकडून एका तासात भरून घेतलं जातं, सरासरी काढली जाते आणि अहवालात एक आकडा छापला जातो. अल्फा गुणांक चांगला आला की काम संपलं असं मानलं जातं. पण क्रोनबाखचा अल्फा फक्त एवढंच सांगतो की प्रश्न एकमेकांशी सुसंगत आहेत. एकच गोष्ट पाच तऱ्हांनी विचारली तरी तो वर जातो. विश्वसनीयता आणि सप्रमाणता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे बी.एड.च्या पहिल्या वर्षी शिकवलं जातं आणि महाविद्यालयाच्या अहवालात विसरलं जातं.

स्वतःबद्दल स्वतःच सांगायचं, या पद्धतीची मर्यादा आणखी खोल आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या क्रुगर आणि डनिंग यांनी १९९९ साली दाखवलं की चाचणीत तळाच्या गटात असलेल्यांनी, म्हणजे सरासरीने शंभरांत बाराव्या पायरीवर असलेल्यांनी, स्वतःला बासष्टाव्या पायरीवर बसवलं. सर्वांत वरच्या गटाने स्वतःला थोडं कमीच लेखलं. ज्या कौशल्याने काम चांगलं होतं, त्याच कौशल्याने काम चांगलं झालं की नाही हेही कळतं. आता हे आपल्या वर्गात आणून पाहा. आईच्या बचत गटाचा हिशेब तीन वर्षं लिहिणारी, बँकेत जाऊन कर्जाचे कागद पुरे करणारी मुलगी 'मी गटाचं नेतृत्व करते' या विधानापुढे 'क्वचित' असं लिहिते, कारण ती ज्याला घरचं काम समजते त्याला नेतृत्व म्हणतात हे तिला कोणी सांगितलेलंच नाही. आणि गणेशोत्सवात माईक हातात असलेला मुलगा 'नेहमी' लिहितो. दोघंही प्रामाणिक आहेत. आकडा मात्र दोघांबद्दलही चुकीचं सांगतो.

याच्याशी जोडलेला एक अनुभव अनेक कार्यक्रम अधिकाऱ्यांना येतो आणि ते निराश होतात: शिबिराआधी भरलेल्या प्रश्नावलीपेक्षा शिबिरानंतरची प्रश्नावली खालचे गुण देते. मग वाटतं, सात दिवस वाया गेले. बहुतेक वेळा उलट झालेलं असतं. वीस जणांना एका कामावर टिकवून ठेवणं म्हणजे काय हे मुलाला पहिल्यांदा कळलेलं असतं, आणि आता तो स्वतःला जास्त कडक पट्टीने मोजतो. अमेरिकेत जॉर्ज हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी या गोष्टीचा अभ्यास केला आणि त्यावर साधा उपाय दिला. शिबिर संपल्यावर दोन प्रश्न एकत्र विचारायचे: आज तू कुठे आहेस, आणि आजच्या समजेनुसार शिबिराआधी कुठे होतास? ही युक्ती फुकट आहे, छोटी आहे, आणि पुस्तिकेतल्या सगळ्या नमुन्यांत ती वापरली आहे.

प्रश्नावलीच्या पलीकडचा मार्ग म्हणजे माणसाला काम देऊन पाहणं. आपल्या देशात त्याची सर्वांत जुनी आणि कसलेली परंपरा लष्कराच्या सेवा निवड मंडळाची आहे. भोर-वेल्ह्याच्या घराघरांत सैन्य आणि पोलीस भरतीची स्वप्नं आहेत, त्यामुळे एसएसबी हे नाव इथे ओळखीचं असतं. संभाजीनगरची १९७७ साली सुरू झालेली सेवापूर्व शिक्षण संस्था अनेकांना माहीत असते. या मंडळाची पाच दिवसांची रचना दुसऱ्या महायुद्धात, १९४२मध्ये, ब्रिटिश सैन्याने सुरू केलेल्या निवड मंडळांवरून आली. उमेदवाराला तीन वेगळे तज्ज्ञ तीन वेगळ्या वाटांनी पाहतात. मानसशास्त्रज्ञ त्याच्या लेखनातून, मुलाखत घेणारा अधिकारी बोलण्यातून आणि गट परीक्षक मैदानावरच्या कामातून. तिथली मंडळी याला मनसा, वाचा, कर्मणा म्हणतात. तिघांची मतं शेवटपर्यंत वेगळी राहतात आणि मगच एकत्र बसून निर्णय होतो. पंधरा गुणांची यादी ठरलेली आहे. दोरी, फळी आणि ओंडका देऊन नाला ओलांडायला सांगितलं की कोण आधी बोलतो यापेक्षा कोणाच्या सूचनेनंतर गट हलतो हे परीक्षक टिपतो. आपल्याला यातली निवड करण्याची बाजू नको आहे, कारण महाविद्यालयाने कोणालाही नाकारायचं नसतं. पाहण्याची शिस्त मात्र पुरेपूर घ्यावी अशी आहे.

उद्योगांमध्ये हीच वाट अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीने १९५६पासून चोखाळली. डग्लस ब्रे यांच्या देखरेखीखाली ४२२ तरुण कर्मचाऱ्यांना काही दिवस वेगवेगळी कामं देऊन तपासलं गेलं आणि कोण पुढे जाईल याचे अंदाज लिहून ठेवले गेले. ते अंदाज कंपनीला दाखवले नाहीत. वर्षांमागून वर्षं गेल्यावर प्रत्यक्ष बढत्यांशी ते ताडून पाहिले आणि बऱ्याच अंशी खरे निघाले. आकडा लपवून ठेवण्याचा तो संयम मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. साहेबांना अंदाज कळले असते तर त्यांनी त्याच मुलांना संधी दिली असती आणि अंदाज आपोआप खरे झाले असते. आपल्या महाविद्यालयांत पहिल्या वर्षी 'हुशार' ठरलेल्या चार मुलांना तिन्ही वर्षं सूत्रसंचालन, स्वागत आणि सहल यांची कामं मिळतात; तिसऱ्या वर्षी तीच चार मुलं नेतृत्वात पुढे दिसतात. त्यात मोजलं काय गेलं? संधी मोजली गेली.

म्हणून संधीची नोंद ठेवल्याशिवाय कौशल्याची नोंद करू नये, हा या पुस्तिकेतला सर्वांत आग्रहाचा मुद्दा आहे. भुतोंड्याकडून किंवा वेल्ह्याच्या आतल्या वाड्यांतून एसटीने येणारी मुलगी दुपारची शेवटची गाडी चुकवू शकत नाही. स्नेहसंमेलनाची समिती चार वाजता बसते. भातलावणीच्या आठवड्यात मुलं येत नाहीत, कारण घरी चिखलणी चालू असते आणि तिथे हातांची गरज आहे. या मुलांच्या नोंदीत कोरी जागा दिसली तर ती कौशल्याची कमतरता म्हणून वाचता येणार नाही. निरीक्षण पत्रकावर पहिला रकाना म्हणूनच 'या विद्यार्थ्याला या सत्रात कोणती जबाबदारी प्रत्यक्ष दिली होती?' असा ठेवला आहे. तो रिकामा असेल तर पुढचं पत्रक भरायचं नाही. आधी जबाबदारी द्यायची.

जबाबदाऱ्या द्यायला जागा कमी नाहीत. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत आणि ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झाली. आज तिच्यात वर्षाला १२० तासांचं नियमित काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या शिवाजी महाविद्यालयात १९४७पासून रुजवलेली 'कमवा आणि शिका' ही कल्पना आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात त्यांच्याच नावाने चालते. नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर वर्गांना ४ श्रेयांकांचं, म्हणजे १२० तासांचं, कार्यप्रशिक्षण घातलं आहे, आणि पदवीच्या वर्गांनाही क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग आले आहेत. २०२४ साली राज्य सरकारने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतनावर कार्यालयांत आणि उद्योगांत पाठवलं गेलं. ही सगळी खरी कामं आहेत, आणि प्रत्येकातून आज आपण काय गोळा करतो? हजेरी, तास आणि समारोपाचा फोटो. तासांची बेरीज होते, पण त्या तासांत काय घडलं याची नोंद कोणाकडेच नसते.

नोंद कशी करावी याचा एक नमुना इथेच देतो, म्हणजे पुढची प्रकरणं परकी वाटणार नाहीत. 'काम वाटून देणं' हे एक कौशल्य घेऊ. त्याला एक ते पाच गुण द्या असं सांगितलं तर दोन प्राध्यापक दोन वेगळ्या गोष्टींना चार गुण देतील. त्याऐवजी प्रत्येक पायरीला दिसणारं वर्तन बांधून द्यावं लागतं. पॅट्रिशिया स्मिथ आणि लॉर्न केंडॉल यांनी १९६३मध्ये परिचारिकांच्या कामासाठी ही रीत बसवली. तळाच्या पायरीवर असं लिहायचं: सगळं स्वतः करायला घेतो, किंवा 'कोणीतरी करा रे' म्हणून मोकळा होतो. त्याच्या वर: नावं घेऊन कामं सांगतो, पण वेळ आणि साहित्य सांगत नाही. त्याच्या वर: कोणाला काय जमतं ते विचारून काम देतो, कधीपर्यंत हवं ते सांगतो आणि मध्ये एकदा जाऊन पाहतो. आणि सर्वांत वर: काम अडलं तर आरडाओरडा न करता माणसं इकडची तिकडे हलवतो, आणि आतापर्यंत गप्प बसलेल्याकडे एक खरं काम सोपवतो. ही वाक्यं शिबिराआधी गावकरी, आजी विद्यार्थी आणि शिक्षक यांनी एकत्र बसून तयार करावीत. दोन निरीक्षकांनी वेगवेगळं भरावं आणि तीन वेगळ्या प्रसंगी भरावं. एका संध्याकाळच्या स्वयंपाकात गोंधळलेला मुलगा दुसऱ्या दिवशी सर्वेक्षणात गट उत्तम चालवू शकतो. गावकऱ्यांतला एक निरीक्षक असावा असा माझा हट्ट आहे. कोणता विद्यार्थी त्यांच्या म्हाताऱ्यांशी बसून बोलला आणि कोणता ओट्यावर मोबाइल घेऊन बसला हे शिक्षकांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

व्यवस्थापनाच्या पारखेसाठी पुस्तिकेत एक पेटी आहे. नॉर्मन फ्रेडरिकसन यांनी १९५०च्या दशकात अमेरिकन हवाई दलासाठी कागदांच्या टोपलीची परीक्षा तयार केली होती. त्याच धर्तीवर ग्रामपंचायतीचा एक दिवस इथे मांडला आहे. ग्रामसेवक अचानक रजेवर आहे आणि टेबलावर कागद पडले आहेत. वाडीवरची नळाची लाइन फुटल्याचा अर्ज, ग्रामसभेची नोटीस काढण्याचं पत्र, महावितरणचं थकलेलं बिल, शाळेच्या स्वच्छतागृहाबद्दल मुख्याध्यापिकेची दुसऱ्यांदा आलेली तक्रार, खर्चाच्या उपयोगिता प्रमाणपत्राची उद्याची मुदत, दोन भावांमधल्या बांधाच्या वादातला निनावी कागद, आणि दारात जन्माच्या दाखल्यासाठी ताटकळलेली एक बाई. विद्यार्थ्याला दोन तास दिले आहेत. त्याने काय आधी केलं, काय पुढे ढकललं, कोणाला फोन केला, निनावी कागदाचं काय केलं आणि त्या बाईला किती वेळ थांबवलं, हे सगळं तपासायचं. यात एकच बरोबर उत्तर नाही, पण एकाहून एक चुकीची उत्तरं आहेत. वाणिज्य शाखेची मुलं यात पुढे असतील असा अंदाज बांधू नका; गावात मोठं झालेलं मूल कोणत्याही शाखेचं असो, त्याला या कागदांमागची माणसं दिसतात.

राजगड किल्ला याच मुलखात आहे, आणि नेतृत्वाच्या कार्यशाळांत शिवाजी महाराजांचं नाव घेतल्याशिवाय कोणी खाली बसत नाही. बहुतेकदा ते एका थोर पुरुषाच्या गुणांची यादी म्हणून घेतलं जातं. मला त्या काळच्या किल्ल्यांच्या कारभाराची घडी जास्त शिकवणारी वाटते. किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस अशा वेगवेगळ्या पदांवर वेगवेगळे अधिकार असत. एकट्या कोणाला किल्ला शत्रूच्या हवाली करता येऊ नये अशी ती योजना होती. कोठारं आणि साठा कारखानिसाकडे असे. नेतृत्व माणसांमधल्या नात्यांत आणि कामाच्या वाटणीत बांधलेलं होतं. येसाजी कंक पायदळाचे सरनोबत होते ते या सगळ्या घडीचा भाग म्हणून. विद्यार्थ्याचं नेतृत्व मोजताना त्याचा गट बाजूला काढला तर जे उरतं ते त्याचं वक्तृत्व असतं.

चाचणी आणि गावातलं काम एकाच संस्थेत नांदू शकतं याचं उदाहरण पुण्यातच आहे. अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली सुरू केलेल्या ज्ञान प्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिकेने मानसशास्त्रज्ञ गिल्फर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या आराखड्यावर आधारलेल्या चाचण्यांचं काम मराठी मुलांसाठी केलं, आणि त्याच संस्थेचे कार्यकर्ते शिवगंगा-गुंजवणीच्या खोऱ्यात आणि वेल्ह्यात बचत गटांमधून स्त्रियांचं नेतृत्व उभं करत आले. जिथे मोजणारे आणि घडवणारे एकमेकांना ओळखतात तिथे मोजणीचा मुलांना उपयोग होतो. आपल्या महाविद्यालयांत हे दोघे अनेकदा एकच असतात. कार्यक्रम अधिकारीच शिबिर घेतो आणि तोच पत्रक भरतो. यात पक्षपाताचा धोका आहे, म्हणून दुसरा निरीक्षक हवा. पण त्याच्याइतकी जवळून माहितीही दुसऱ्या कोणाकडे नसते.

आता भरलेली पत्रकं जातात कुठे, हा प्रश्न. या पुस्तिकेत कुठेही सगळ्या कौशल्यांची बेरीज करून एक आकडा काढलेला नाही, आणि कोणी काढू नये. बेरीज झाली की क्रमवारी लागते, क्रमवारी लागली की ती फलकावर लावली जाते, आणि मग १९९४नंतर जे झालं तेच नव्या नावाने होईल. पत्रकाची मूळ प्रत विद्यार्थ्याकडे राहावी. निरीक्षकाने त्याच्यासमोर बसून, दिसलेल्या प्रसंगाचा उल्लेख करून, पंधरा मिनिटं बोलावं. 'तुझ्यात नेतृत्व कमी आहे' असं म्हणायचं नाही. 'मंगळवारी गोण्या कमी पडल्या तेव्हा तू गटाला सांगितलंच नाहीस, का?' असं विचारायचं. पुढच्या सत्रात कोणती जबाबदारी घ्यायची ते दोघांनी मिळून ठरवावं आणि लिहावं. महाविद्यालयाने आपल्याकडे फक्त एवढं ठेवावं: किती विद्यार्थ्यांना खरी जबाबदारी मिळाली, त्यांत मुली किती, लांबच्या गावांतले किती, आणि कोणत्या कौशल्यात गटच्या गट अडखळतो आहे. नॅकच्या समितीपुढे ठेवायलाही हीच माहिती जास्त सच्ची आहे. कंपनीने मागितलं तर विद्यार्थ्याने स्वतः, हवी ती पानं, दाखवावीत.

वेळ कमी असेल त्यांनी चौथं प्रकरण आधी वाचावं. त्यात शिबिरासाठीची निरीक्षण पत्रकं आहेत आणि ती जशीच्या तशी छापून वापरता येतात. संख्याशास्त्राची भीती वाटणाऱ्यांनी सहावं प्रकरण मागे ठेवलं तरी चालेल, फक्त दोन निरीक्षकांच्या नोंदी कितपत जुळतात हे तपासण्याची त्यातली साधी रीत मात्र सोडू नये. ग्रामपंचायतीच्या पेटीतले कागद दर वर्षी बदलावेत, कारण पहिल्या तुकडीतली मुलं दुसऱ्या तुकडीला उत्तरं सांगणारच, आणि ते कागद गोळा करण्याचं काम विद्यार्थ्यांवरच सोपवावं.